निपलला सुई लावण्याआधी

बाटली लावलेल्या बाळाच्या घरात हा प्रकार हमखास घडतो. बाळ भुकेलेलं आहे, दूध कोमट आहे, बाटली भरलेली आहे. पहिले काही घोट झपाझप जातात. मग बाळ ओढत राहतं आणि दूध काही येत नाही. बाळ चिडतं, अंग ताठ करतं, बाटली ढकलून देतं. निपल तोंडातून काढून पाहिलं तर ते चपटं होऊन आतल्या आत चिकटलेलं असतं. क्षणभराने फुस्स असा आवाज होतो, दुधात बुडबुडे उठतात आणि निपल पुन्हा पहिल्यासारखं होतं. परत तोंडात दिलं की थोडा वेळ ठीक, मग पुन्हा तेच.

अशा वेळी घरातलं कुणीतरी जाणतं माणूस निदान करतं की भोक बारीक आहे. सुई गॅसवर तापवून भोक मोठं केलं जातं. आता दूध भसाभस येतं, बाळ पाच मिनिटांत बाटली रिकामी करतं आणि सगळे सुटकेचा सुस्कारा सोडतात. अर्ध्या तासाने बाळ भली मोठी गुळणी टाकतं, पोट टम्म होतं, रडारड सुरू होते. मग दोष दुधावर जातो आणि दुसऱ्या कंपनीचा डबा येतो.

भोक बहुतेक वेळा ठीकच असतं. बाटलीत हवा शिरत नसते.

एक भोक दुधाचं, एक हवेचं

पंधरा किलोचा तेलाचा डबा उघडताना आपण एका कोपऱ्यात एक आणि समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडतो. एकच भोक पाडलं तर तेल गचके देत, थांबत थांबत येतं. तेल बाहेर पडलं की त्याची जागा घ्यायला हवा आत यावी लागते. दुसरी वाट नसेल तर ती त्याच भोकातून, तेलाला अडवत, बुडबुड्याने आत शिरते.

दुधाच्या बाटलीचं हेच आहे. बाळाने घोट घेतला की आत थोडी जागा रिकामी होते. बाहेरून हवा आली नाही तर आत उरलेली हवा विरळ होत जाते, म्हणजे तिचा दाब कमी होतो. बाहेरच्या हवेचा दाब मात्र तेवढाच असतो. तो मऊ निपलला दाबून चपटं करतो. बाळाला आता दूध ओढायचं असतंच, शिवाय बाटलीतल्या त्या उलट्या ओढीशी झुंजायचं असतं. दमून त्याने तोंड सैल सोडलं की दुधाच्या भोकातूनच हवा आत घुसते. तोच तो फुस्स आवाज.

यावरचा उपाय निपलमध्ये आधीच केलेला असतो, फक्त तो दिसत नाही. निपलची खालची पसरट कड बघा. तिथे एक सूक्ष्म छिद्र, चीर किंवा खाच असते. हवेची वाट ती. बाटलीचं कडं आपण दूध सांडू नये म्हणून जोर लावून आवळतो, तेव्हा ही वाट चेपून बंद होते. म्हणून पहिला इलाज फुकटचा: कडं थोडं सैल करा. गळणार नाही इतपत घट्ट, पण आवळलेलं नको. मग पिताना दुधात बारीक बुडबुड्यांची माळ चढताना दिसली की समजावं, हवेची वाट मोकळी आहे. तेवढ्याने भागलं नाही तर ती खाच सुकलेल्या दुधाने बुजली आहे का पाहा. धुताना तिथे बोट फिरवायचं राहून जातं. आणि निपल जुनं होऊन चिकट, फुगीर किंवा पांढुरकं झालं असेल तर ते बदलायचं. सुईची गरज कुठेच पडत नाही.

दुकानात ‘अँटी-कॉलिक’ म्हणून जी महाग बाटली मिळते, तिच्यात याच हवेची सोय जरा थाटामाटाने केलेली असते. कुठे मधोमध नळी असते, कुठे तळाशी झडप. निपल चपटं होणं त्याने नक्की थांबतं. बाळाची पोटदुखी थांबते, हा दावा मात्र मी चिमूटभर मीठ टाकूनही गिळणार नाही. संध्याकाळी ठरावीक वेळी रडणारी बहुतेक बाळं तीन-चार महिन्यांची होता होता आपोआप शांत होतात, आणि श्रेय त्या वेळी हातात असलेल्या बाटलीला मिळतं. शिवाय प्रत्येक नळी, प्रत्येक झडप म्हणजे घासायचा एक जास्तीचा भाग. त्याकडे पुढे येऊ.

घोट आणि श्वास

भोक मोठं केल्याने नेमकं काय बिघडतं, ते समजायला बाळ दूध कसं पितं ते पाहायला हवं. अंगावर पिताना बाळ स्तन तोंडात घट्ट धरतं आणि जीभ खाली नेतं. त्यामुळे तोंडात पोकळी तयार होऊन दाब उतरतो आणि दूध आत येतं. पण एवढं पुरत नाही. आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक, म्हणजे रक्तातून फिरणारं निरोप्या रसायन, सुटावं लागतं. तेव्हा कुठे पान्हा फुटतो. पान्हा यायला जरा वेळ लागतो, तो लाटांनी येतो आणि दोन लाटांच्या मधे बाळ विसावतं. दूध किती वेगाने यावं यावर अशी दोघांची सत्ता असते.

बाटलीला पान्हा नाही. ती उलटी धरली की पहिल्या क्षणापासून दूध हजर. वर जितका दुधाचा स्तंभ उंच, तितका भोकाशी दाब जास्त. बाळाने ओढलं नाही तरी थेंब जिभेवर पडत राहतात आणि तोंडात आलेलं दूध गिळणं त्याला भाग पडतं.

गिळताना श्वास थांबतो. मोठ्या माणसाचाही थांबतो, कारण अन्न आणि हवा घशात एकाच चौकातून जातात. ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं या तिघांचा मेळ बाळाला गर्भारपणाच्या साधारण ३४व्या आठवड्याच्या सुमारास जमू लागतो. म्हणून त्याहून लवकर जन्मलेल्या बाळांना सुरुवातीला नळीने दूध देतात. पूर्ण दिवसांच्या बाळालाही हा मेळ नवाच असतो. दूध फार वेगाने आलं की एका घोटापाठोपाठ दुसरा गिळावा लागतो आणि श्वासाला फट मिळत नाही. मग ठसका लागतो. ओठांच्या कडेने दूध ओघळणं, डोळे मोठे करून बोटं ताणणं, कपाळावर आठ्या घालून मान फिरवणं ही सगळी बाळाची ‘हळू’ म्हणायची भाषा आहे. बाळ अधाशासारखं पितंय असं आपल्याला वाटतं. पुष्कळदा ते बुडू नये म्हणून गिळत असतं.

निपलच्या पाकिटावर १, २, ३ किंवा ‘स्लो’, ‘मीडियम’ असं लिहिलेलं असतं. या आकड्यांना सगळ्या कंपन्यांचं मिळून एकच माप नाही. एका कंपनीचं ‘स्लो’ दुसरीच्या ‘मीडियम’पेक्षा वेगवान असू शकतं. तेव्हा वयाचा तक्ता पाहून निपल बदलू नका, बाळाकडे पाहून बदला. घरी आणल्यावर बाटलीत पाणी भरून उलटी धरा. थेंब थेंब पडलं पाहिजे. धार लागली तर तान्ह्या बाळासाठी ते नको. अंगावरही पिणाऱ्या बाळाला तर सगळ्यात सावकाश निपल शेवटपर्यंत चालतं. बाटलीतून फुकट मिळणाऱ्या वेगाची चटक लागली की अंगावर कष्ट करायला बाळं कुरकुर करतात.

पाजायची पद्धतही याच हिशेबाने ठरते. बाळाला मांडीवर आडवं न झोपवता जवळजवळ बसतं धरायचं, डोकं आणि मान हाताने सावरलेली. बाटली उभी उलटी न करता जवळपास आडवी धरायची, निपलच्या टोकात दूध राहील इतकीच कललेली. असं केलं की दुधाच्या स्तंभाचा दाब कमी होतो आणि ओढलं तरच दूध येतं. दर काही घोटांनी बाटली किंचित खाली घ्यायची म्हणजे श्वास घ्यायला उसंत मिळते. मधे एकदा आणि शेवटी खांद्यावर घेऊन ढेकर काढायचा. सपाट झोपलेल्या बाळाच्या तोंडाशी उशीला टेकवून बाटली ठेवणं तर कधीच नको. घसा आणि कान यांना जोडणारी नळी बाळांमध्ये आखूड आणि आडवी असते, झोपून पिताना दूध तिकडे जाऊन कान ठणकतो. ठसका लागला तर बघायला कुणी नसतं, ही त्याहून मोठी गोष्ट.

किती पाजायचं? जन्मानंतरचा पहिला आठवडा सरला की पूर्णपणे वरच्या दुधावर असलेल्या बाळाला दिवसाला वजनाच्या किलोमागे साधारण १५० मिली लागतं. चार किलोच्या बाळाचे झाले ६०० मिली, आठ वेळांत विभागले तर एका वेळी ७५. हा अंदाज आहे, उद्दिष्ट नव्हे. बाटलीवर रेघा असल्यामुळे आपल्याला ती संपवायची घाई होते. अंगावर पाजताना किती प्यायलं ते कुणालाच दिसत नाही, त्यामुळे बाळाने तोंड काढलं की आपण ऐकतो. बाटलीच्या बाबतीत तेच बाळ तोंड फिरवतं आणि आपण ‘एवढंसंच राहिलंय’ म्हणून पुन्हा निपल सरकवतो.

बोंडलं, नळी आणि होडी

दूध पाजायचं भांडं ही काही कंपन्यांनी काढलेली कल्पना नाही. जर्मनीत बव्हेरियामध्ये लहान मुलांच्या थडग्यांत चोच असलेली मातीची छोटी भांडी सापडली. त्यांच्या आत मुरलेल्या चरबीचं पृथक्करण करून २०१९ साली संशोधकांनी दाखवलं की त्यांत जनावराचं दूध होतं. ही भांडी अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची. त्यांचे फोटो पाहिले तर कुठल्याही मराठी आजीला आपलं बोंडलं आठवेल. चांदीचं, पितळेचं किंवा स्टीलचं, चोचीचं ते भांडं अजूनही बाळंतविड्यात दिसतं, जरी वापर बहुधा औषधापुरता उरला असला तरी.

रबराचं निपल आलं १८४५ साली, न्यूयॉर्कच्या एलायजा प्रॅटच्या पेटंटने. त्यानंतरच्या काही दशकांत युरोप-अमेरिकेत एक बाटली भलतीच लोकप्रिय झाली. काचेच्या बाटलीतून लांब रबरी नळी निघायची आणि नळीच्या टोकाला निपल. बाळाच्या शेजारी बाटली ठेवून आई कामाला मोकळी. सोयीची खरी, पण त्या नळीच्या आत ब्रश जाणं शक्य नव्हतं. आत दूध साचायचं, नासायचं, आणि उन्हाळ्यात जुलाबाने बाळं दगावायची. लोकांनी या बाटलीला ‘खुनी बाटली’ म्हणायला सुरुवात केली. फ्रान्सने १९१० साली कायदा करून तिच्यावर बंदी घातली.

तिच्या जागी आलेला नमुना मला फार आवडतो. १८९०च्या दशकात लंडनच्या ॲलन अँड हॅनबरीज या कंपनीने होडीच्या आकाराची बाटली काढली, दोन्ही टोकांना उघडी. एका टोकाला निपल, दुसऱ्या टोकाला रबरी झडप. झडपेतून हवा आत यायची, त्यामुळे दूध अखंड वाहायचं. धुताना दोन्ही टोकं काढली की नळाचं पाणी आरपार जायचं. हवा आणि सफाई हे दोन्ही प्रश्न एकाच वस्तूने सोडवले. सव्वाशे वर्षांनंतर आपण दुकानात उभे राहून बाटल्यांवरची कार्टूनं बघत असतो, तेव्हाही विचारण्यासारखे प्रश्न हेच दोन आहेत. त्यातला सफाईचा पहिला.

घासता येते का?

दुधात स्निग्धांश, प्रथिनं, साखर आणि पाणी आहे. जंतूंना याहून चांगलं काय हवं? दूध पिताना बाळाची लाळ निपलमधून मागे बाटलीत जाते, म्हणजे उरलेलं दूध उष्टं झालेलं असतं आणि उबेला त्यात जंतू झपाट्याने वाढतात. नुसतं विसळल्याने बाटलीच्या आत स्निग्धांशाचा बुळबुळीत थर राहतो. त्याच्या आडोशाला जंतू चिकटून बसतात आणि स्वतःभोवती एक चिकट आवरण विणतात. मग उष्णताही आतपर्यंत नीट पोचत नाही. म्हणूनच उकळण्याआधी घासणं लागतं. न घासता उकळलेली बाटली म्हणजे शिजवलेली घाण.

त्यामुळे बाटली विकत घेताना रुंद तोंडाची, सरळ अंगाची, आतून कोपरे-खाचा नसलेली आणि कमीत कमी तुकड्यांची घ्यावी. गिटारच्या, प्राण्यांच्या आकाराच्या बाटल्या फोटोसाठी छान असतात. मापाच्या रेघा कोरलेल्या किंवा पक्क्या छापलेल्या हव्यात. चार उकळ्यांत पुसट होणाऱ्या रेघा पावडरचं प्रमाण चुकवतात. सुरुवातीला १२५ मिलीच्या दोन-तीन आणि मग २५० मिलीच्या तेवढ्याच पुरतात. बाळ पूर्णपणे वरच्या दुधावर असेल तर दोन-तीन जास्त, म्हणजे रात्री दोन वाजता घासत बसावं लागत नाही. सोबत एक लांब दांड्याचा ब्रश आणि निपलसाठी एक बारीक ब्रश, दोन्ही फक्त यासाठीच. स्वयंपाकघरातली घासणी इथे चालत नाही.

दूध पिऊन झालं की लगेच सगळे भाग सुटे करून गार पाण्याने विसळायचे, मग साबण आणि गरम पाण्याने घासायचे. निपल उलटं करून भोकातून पाणी दाबून काढायचं. नंतर पातेल्यात सगळं पूर्ण बुडेल इतकं पाणी घेऊन, आत हवेचे बुडबुडे अडकलेले नाहीत हे पाहून, पाणी खळखळल्यापासून दहा मिनिटं उकळायचं. काचेची बाटली गार पाण्यातच ठेवून तापवत न्यावी, नाहीतर तडकते. झाकण तसंच ठेवून निवू द्यायचं आणि धुतलेल्या हातांनी किंवा उकळलेल्या चिमट्याने बाहेर काढायचं. पदराने किंवा फडक्याने आतून पुसलं की केलेल्या कामावर पाणी. वाफेवरचं विजेचं यंत्र हेच काम करतं आणि जुळ्यांच्या घरी ते उपयोगी पडतं. नसेल तर पातेलं पुरेसं आहे. बाटली गरम ठेवणारं यंत्र तर मी यादीतून बिनदिक्कत काढून टाकेन. दूध तासन् तास कोमट ठेवणं म्हणजे जंतूंना विरजणाची ऊब देणं.

काच, प्लास्टिक, स्टील

एके काळी कडक, काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकच्या बाटल्या घराघरांत होत्या. ते पॉलिकार्बोनेट. त्यातून बिस्फेनॉल-ए हे रसायन, विशेषतः गरम केल्यावर, दुधात झिरपतं आणि शरीरात ते काही प्रमाणात संप्रेरकाची नक्कल करतं. युरोपीय संघाने २०११ मध्ये, अमेरिकेने २०१२ मध्ये दुधाच्या बाटल्यांत ते बंद केलं. भारतीय मानक ब्युरोनेही २०१५च्या मानकात बाळाच्या बाटलीसाठी पॉलिकार्बोनेटला जागा ठेवली नाही. जत्रेत किंवा फुटपाथवर मिळणाऱ्या बिनशिक्क्याच्या बाटलीत काय आहे हे मात्र कुणालाच ठाऊक नसतं. आयएसआयचा शिक्का बघून घेण्याचं कारण ते.

आज मिळणाऱ्या बहुतेक प्लास्टिकच्या बाटल्या पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. दुधी रंगाच्या, तळाला त्रिकोणात ५ हा आकडा. त्यांत बिस्फेनॉल-ए नाही. पण डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०२०मध्ये दाखवलं की या बाटल्यांत गरम पाणी घालून हलवलं की प्लास्टिकचे सूक्ष्म कण सुटतात, लिटरमागे तब्बल १.६ कोटींपर्यंत. पाणी जितकं गरम, तितके कण जास्त. या कणांमुळे बाळाचं काय होतं याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. घाबरून जाण्यापेक्षा एक साधी सवय लावता येते. दूध उकळलेल्या स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात तयार करायचं, कोमट झाल्यावर बाटलीत ओतायचं. मधाच्या रंगाची पीपीएसयू प्लास्टिकची बाटली उष्णता जास्त सोसते आणि किंमतही तशीच असते. काचेची बाटली वर्षानुवर्षं टिकते, फक्त हातातून निसटेपर्यंत. स्टीलची फुटत नाही, पण आत किती उरलं ते दिसत नाही. घरी काच आणि प्रवासात स्टील किंवा प्लास्टिक, अशी वाटणी मला व्यवहार्य वाटते.

निपल दोन प्रकारचं मिळतं. पिवळट रबराचं मऊ असतं, पण उकळून लवकर चिकट होतं. सिलिकॉनचं पारदर्शक, टिकाऊ, मात्र दात आलेल्या बाळाने चावलं तर त्याचा तुकडा पडू शकतो. दर वेळी ताणून, उजेडात धरून पाहायचं. चीर दिसली की टाकायचं.

डब्यातली पावडर निर्जंतुक नसते

ही गोष्ट पुष्कळ सुशिक्षित घरांनाही ठाऊक नसते. डबा सीलबंद असला तरी पावडर निर्जंतुक केलेली नसते. तिच्यात क्वचित क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू कोरड्या अवस्थेत जिवंत राहतो. त्याची लागण विरळा, पण झाली तर दोन महिन्यांच्या आतल्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये ती रक्तात आणि मेंदूच्या आवरणात पसरते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सांगितलं की पावडर किमान ७० अंश सेल्सियस तापलेल्या पाण्यात मिसळावी. त्या उष्णतेला हा जंतू मरतो. आपल्याकडच्या काही डब्यांवर कोमट पाणी वापरा असं छापलेलं असतं. बाळ फार लहान किंवा नाजूक असेल तर नेमकं कसं करायचं हे बालरोगतज्ज्ञांना डबा दाखवून विचारावं.

प्रमाणाचं गणित त्याहून रोजचं. पावडर महाग आहे म्हणून महिना भागवायला एक चमचा कमी घालतात. बाळाचं पोट पाण्याने भरतं, वजन वाढत नाही आणि रक्तातलं सोडियम उतरून झटकेही येऊ शकतात. उलट अंगाने, बाळ बारीक दिसतं म्हणून एक चमचा जास्त घातला तर क्षार वाढतात आणि बाळाच्या कोवळ्या मूत्रपिंडांवर ताण येतो. मापाचा चमचाही डब्यागणिक वेगळा असतो. जुन्या डब्यातला नव्यात वापरू नये.

*चौकट: एका वेळचं दूध*

हात साबणाने धुवा. पाणी खळखळ उकळा. फिल्टरचं किंवा विकतचं बाटलीबंद असलं तरी उकळायचंच. झाकून ठेवा आणि अर्ध्या तासाच्या आत वापरा, म्हणजे ते ७० अंशांच्या खाली उतरत नाही.
आधी पाणी मोजून घ्या, मग पावडर. उलट केलं तर पाणी कमी पडतं.
चमचा सपाट भरून, सुरीच्या पाठीने वरचं सारून. दाबून भरू नका.
भांडं गार पाण्यात धरून दूध कोमट करा. मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून पाहा, गरम लागता कामा नये. मायक्रोवेव्हमध्ये तापवू नका, दुधात मधेच चटका देणारे गरम भाग राहतात.
केल्यापासून दोन तासांत पाजा. बाळाच्या तोंडून उरलेलं फेकून द्या.

आणि गाईचं दूध? पहिल्या सहा महिन्यांत नको, आणि बालरोगतज्ज्ञ सहसा वर्ष होईपर्यंत ते मुख्य दूध म्हणून देऊ नका असंच सांगतात. आईच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट प्रथिनं आणि बरेच जास्त क्षार त्यात असतात, लोह मात्र नगण्य. पाणी घालून पातळ केलं की क्षारांबरोबर ऊर्जाही पातळ होते.

बाटली टाळता आली तर

बाटली लागते ती अनेक कारणांनी. दत्तक बाळ, आईचं आजारपण किंवा औषधं, जुळी, दूध न पुरणं. कुणाला त्याचा हिशेब देत बसायची गरज नाही. पण दूध अंगावरून देता येत नाही म्हणजे बाटलीच हवी, असंही नाही. मुंबईच्या सायन रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९८९ रोजी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. तिथे मातांनी दिलेलं दूध ६२.५ अंशांना अर्धा तास तापवून निर्जंतुक केलं जातं आणि कमी वजनाच्या बाळांना मिळतं. अशा बाळांना ते पाजण्यासाठी नवजात विभागातल्या परिचारिका बहुधा नळी किंवा वाटी-चमचा वापरतात. कारण पुन्हा सफाईचं आहे. वाटी आणि चमचा यांना लपलेला कोपराच नाही. काठाशी आलेलं दूध बाळ जिभेने आपल्या गतीने घेतं. सांडतं मात्र खूप, त्यामुळे पोटात किती गेलं यावर नजर ठेवावी लागते आणि धीर लागतो.

नोकरी करणाऱ्या आईची अडचण वेगळी. प्रसूती रजेच्या कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा झाली. त्यातले आठ आठवडे प्रसूतीआधी घेतले तर बाळ साधारण चार महिन्यांचं असताना कामावर परतावं लागतं. आधी घेतलेच नाहीत तर सहा महिन्यांचं. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर असावं आणि आईला दिवसात चार वेळा तिथे जाता यावं, असंही तो कायदा म्हणतो. घरकाम करणाऱ्या किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या बाईच्या वाट्याला यातलं काही येत नाही. काढून ठेवलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं, फ्रीजच्या आतल्या भागात चार दिवस. विदर्भातल्या मे महिन्यात खोली २५ अंशांवर नसते, तेव्हा थेट फ्रीजच. वर साय आलेली दिसली तर दूध नासलेलं नाही, हलक्या हाताने फिरवायचं. आणि रजा सहा महिन्यांपर्यंत पुरणार असेल तर ‘सवय व्हावी’ म्हणून आधीच बाटली लावायची काहीच निकड नसते. सहा महिन्यांचं बाळ छोट्या पेल्यातून प्यायला शिकतं.

ही सगळी माहिती जाहिरातींतून मिळणार नाही, कारण जाहिरातच करता येत नाही. १९९२च्या कायद्याने, आणि २००३च्या दुरुस्तीने, दोन वर्षांपर्यंतच्या बाळांचं वरचं दूध, खाद्य आणि दुधाच्या बाटल्या यांची जाहिरात, मोफत नमुने आणि भेटवस्तू यांवर बंदी आहे. पावडरच्या डब्यावर बाळाचं किंवा आईचं चित्रसुद्धा छापता येत नाही. समाजमाध्यमांवर एखादी हसरी आई ‘माझ्या बाळाची आवडती बाटली’ दाखवते तेव्हा हे ध्यानात असू द्यावं.

बाटली सोडवताना

सहा महिन्यांनंतर भोक मोठं करण्याचं नवं निमित्त मिळतं. नाचणीचं सत्त्व किंवा रव्याची खीर पातळ करून बाटलीतून दिली जाते, आणि ती उतरावी म्हणून सुई पुन्हा गॅसवर जाते. चमच्यावरून ओघळणार नाही इतकं दाट अन्न बाळाला हवं. तेवढ्याशा पोटात पातळ केलेल्या सत्त्वातून फारसं काही जात नाही, आणि चावण्या-चघळण्याचा सराव होत नाही तो वेगळाच.

वर्षाचं झालं की बाटली सोडवायला लागावं, दीड वर्षापर्यंत ती जावी. दूध तोंडात धरून झोपणाऱ्या मुलाच्या वरच्या पुढच्या दातांभोवती रात्रभर साखर साचते, कारण झोपेत लाळ कमी सुटते, आणि ते दात हिरड्यांपाशी तपकिरी होऊन झिजतात. दिवसभर बाटली हातात असलेलं मूल दुधानेच पोट भरतं, पोळी-वरणाला तोंड लावत नाही आणि रक्तातलं लोह उतरतं. दुपारची बाटली आधी बंद करावी, मग सकाळची. रात्रीची सगळ्यात चिवट. तिच्यातल्या दुधात दर दोन-तीन दिवसांनी थोडं थोडं पाणी वाढवत न्यायचं आणि झोपण्याआधीचं दूध पेल्यातून, दात घासायच्या आधी द्यायचं. नुसतं पाणी उरलं की बहुतेक मुलं ती बाटली स्वतःच बाजूला ठेवतात.